भगिनीभाव आणि दुरुस्तीचा अधिकार : स्त्रीवादी ईश्वरविद्येतील एक नैतिक प्रश्न

१

'थिऑलॉजी' या संज्ञेला मराठीत निःशंकपणे योजावा असा प्रतिशब्द नाही. 'धर्मशास्त्र' म्हणावे तर त्या शब्दामागे स्मृतिग्रंथ, आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त यांची परंपरा उभी राहते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ज्या शास्त्राचा इतिहास खंडाखंडांतून लिहिला, ते शास्त्र ईश्वराविषयी फारसे बोलत नाही. माणसाने कसे वागावे याविषयी बोलते. 'ब्रह्मविद्या' म्हणावे तर इतिहासात हस्तक्षेप करणाऱ्या, माणसांशी करार करणाऱ्या आणि त्यांच्याकडे न्यायाची मागणी करणाऱ्या ईश्वराची कल्पना तिच्यात मावत नाही. 'ईश्वरविद्या' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा, म्हणून येथे तो स्वीकारला आहे. ही अडचण केवळ कोशकाराची नाही. ईश्वराविषयी बोलताना कोणता शब्द निवडावयाचा आणि तो कोणी निवडावयाचा, हाच स्त्रीवादी ईश्वरविद्येचा मूळ प्रश्न आहे. निरनिराळ्या देशांतील, धर्मांतील आणि वर्गांतील स्त्रिया जेव्हा सामाजिक न्यायासाठी एकत्र येऊ पाहतात, तेव्हा हा प्रश्न अधिकच बिकट होतो. मग कोणाचे दुःख, कोणाच्या भाषेत आणि कोणापुढे मांडले जात आहे, हेही विचारावे लागते.

या एकत्र येण्याला 'भगिनीभाव' असे नाव दिले जाते. नाव सुंदर आहे. परंतु सुंदर नावाने नैतिक प्रश्न मिटत नाही, पुष्कळदा झाकला जातो. भगिनीभावाच्या कल्पनेत असे गृहीत असते की पुरुषसत्ता सर्वत्र एकच असल्यामुळे तिच्या बळींमध्ये स्वाभाविक ऐक्य असते आणि म्हणून एकीने दुसरीच्या वतीने बोलण्यास विशेष परवानगी लागत नाही. हे गृहीत तपासून पाहणे आवश्यक आहे. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे दुःख आपल्या युक्तिवादातील प्रमाण म्हणून योजावे, ते कोणत्या अटीवर? येथील विवेचन या एका प्रश्नापुरते मर्यादित आहे.

२

स्त्रीवादी ईश्वरविद्येचा आधुनिक आरंभ बहुधा व्हॅलरी सेव्हिंग यांच्या १९६० सालच्या निबंधापासून मानला जातो. ख्रिस्ती विचारवंतांनी पापाचे मूळ अहंकारात पाहिले; आत्मविस्तार, सत्तेची हाव, ईश्वराच्या बरोबरीला जाण्याची आकांक्षा ही त्याची रूपे मानली. सेव्हिंग यांनी विचारले की हा अनुभव नेमका कोणाचा आहे? जिला 'मी' म्हणण्याची संधीच मिळालेली नाही, जिचा दिवस इतरांच्या गरजांत तुकड्यातुकड्यांनी संपून जातो, तिचे पाप अहंकार नसून स्वतःला हरवून बसणे हे असू शकते. तिला आत्मत्यागाचा उपदेश करणे म्हणजे रोगालाच औषध म्हणून देणे होय. या एका प्रश्नाने सार्वत्रिक म्हणून मिरवणारा सिद्धांत एका विशिष्ट अनुभवाचा सिद्धांत ठरला. पुढे मेरी डॅली यांनी १९७३ साली 'बियाँड गॉड द फादर' या ग्रंथात पितृरूप ईश्वराच्या प्रतिमेवर आणि त्या प्रतिमेने पुरुषाला मिळवून दिलेल्या अधिष्ठानावर आघात केला. १९८३ साली रोझमेरी रॅडफर्ड रूथर यांचे 'सेक्सिझम अँड गॉड-टॉक' आणि एलिझाबेथ शूस्लर फिओरेंझा यांचे 'इन मेमरी ऑफ हर' हे ग्रंथ प्रसिद्ध झाले आणि या विचारशाखेला पद्धतीची शिस्त आली.

पितृप्रतिमेच्या चिकित्सेतून मातृप्रतिमेची ओढ निर्माण झाली, हे ओघानेच आले. मराठी वाचकाला मात्र येथे थोडे थबकावे लागते. ईश्वराला आई म्हणण्यासाठी त्याला कोणत्याही परकीय विचारवंताची वाट पाहावी लागली नाही. पंढरीचा विठ्ठल शतकानुशतके 'विठाई' आहे, 'माउली' आहे. ज्ञानेश्वरही माउलीच आहेत. पुरुषदेहाच्या देवाला आणि पुरुष संताला आईच्या नावाने हाक मारण्यात वारकऱ्याला काहीच विसंगत वाटत नाही. तथापि या मातृभाषेने स्त्रीचे आणि शूद्रातिशूद्रांचे जिणे किती बदलले? बहिणाबाईंना तुकारामांचे शिष्यत्व पत्करल्याबद्दल नवऱ्याचा मार सोसावा लागला. सोयराबाईंना देहाच्या विटाळाविषयीचा मूलगामी प्रश्न आपल्या अभंगातून विचारावा लागला, कारण माउलीच्या दाराशी तो विटाळच आडवा येत होता. ते दार सर्वांसाठी उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. प्रतीक कोमल झाले म्हणून व्यवस्था कोमल होत नाही, एवढा धडा या इतिहासातून निश्चित घेता येतो.

पाश्चात्त्य मातृदेवतावादाला मराठी भक्तिपरंपरेने केलेली ही एक दुरुस्ती म्हणता येईल. तिच्यातून असे निघत नाही की प्रतिमांना महत्त्व नाही. हाक मारण्यासाठी 'माउली' हा शब्द हाती होता म्हणूनच दार बंद असल्याची बोच तीव्र झाली. परंतु प्रतीकाचे मोल त्या प्रतीकाने व्यवस्थेपुढे कोणता प्रश्न उभा केला, यावर ठरते. एका परंपरेचा अनुभव दुसरीच्या सिद्धांताला अशा रीतीने अडवतो आणि पुढे नेतो, तेव्हाच दोहोंमधील देवघेवीला सहकार्य हे नाव शोभते.

३

अशा दुरुस्तीला वाव नसेल तर काय घडते, याचे बहुचर्चित उदाहरण मेरी डॅली यांच्याच पुढच्या ग्रंथात सापडते. १९७८ च्या 'गाइन-इकॉलॉजी'मध्ये त्यांनी भारतातील सती, चीनमधील पाय बांधण्याची प्रथा, आफ्रिकेतील जननेंद्रियछेदन, युरोपातील चेटकिणींचे जळित आणि आधुनिक पाश्चात्त्य स्त्रीरोगचिकित्सा यांची एक मालिका मांडली. हेतू उघड होता. पुरुषसत्तेचे क्रौर्य कोणत्याही एका संस्कृतीची मक्तेदारी नसून युरोप-अमेरिकाही या यादीत आहेत, हे त्यांना दाखवावयाचे होते. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न मांडणीचा आहे.

कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी मे १९७९ मध्ये डॅली यांना पत्र लिहिले आणि पुढे ते खुले पत्र म्हणून प्रसिद्ध केले. त्यांचा आक्षेप थोडक्यात असा : देवता, सामर्थ्य आणि प्रेरणा यांचा शोध घेताना डॅली युरोपकडे वळतात, आफ्रिकेच्या देवता त्यांच्या दृष्टीस पडत नाहीत. आफ्रिकी स्त्री त्यांच्या ग्रंथात येते ती केवळ छिन्न देह म्हणून. लॉर्ड यांच्या स्वतःच्या ओळीही तेथे उद्धृत झाल्या होत्या. परंतु त्या वाचून काही शिकण्यासाठी घेतल्या होत्या की आधीच ठरलेल्या निष्कर्षाला आधार म्हणून, असा प्रश्न त्यांना पडला. डॅली यांनी उत्तर दिले नाही, असे अनेक वर्षे समजले जात होते. पुढे लॉर्ड यांच्या कागदपत्रांत डॅली यांचे सप्टेंबर १९७९ मधील पत्र आढळले. म्हणजे संवाद अगदीच झाला नाही असे नव्हे. परंतु जो झाला तो ग्रंथाच्या बाहेर झाला. ग्रंथातील आफ्रिकी स्त्री जशी होती तशीच राहिली.

भारताच्या संदर्भात हाच प्रश्न उमा नारायण यांनी 'डिसलोकेटिंग कल्चर्स' (१९९७) या ग्रंथात उपस्थित केला. मुंबई आणि पुणे विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेऊन अमेरिकेत अध्यापन करणाऱ्या नारायण यांनी दाखवून दिले की डॅली यांच्या विवेचनात सतीला काळ नाही, प्रदेश नाही, जात नाही; ती सार्वकालिक 'भारतीय' प्रथा होऊन बसते. त्यातही डॅली यांनी कॅथरिन मेयो यांच्या 'मदर इंडिया' (१९२७) या पुस्तकाचा गौरवाने आधार घेतला. भारतीय स्त्रीची दुःस्थिती हा भारतीयांच्या स्वराज्याविरुद्धचा पुरावा म्हणून ज्या पुस्तकाने वापरला, तेच पुस्तक भगिनीभावाचा पूर्वाधार बनावे, यातील विपर्यास स्पष्ट आहे.

येथे एका गैरसमजाला जागा ठेवता कामा नये. डॅलींवरील हा आक्षेप सतीच्या समर्थकांना आधार देणारा नाही. ४ सप्टेंबर १९८७ रोजी राजस्थानातील देवराळा येथे रूपकंवर चितेवर जळाली, तेव्हा सतीविरोध हा पाश्चात्त्य शिक्षणाने बिघडलेल्या बायकांचा उद्योग आहे, असे परंपरेचे कैवारी म्हणू लागले. त्यांना खोटे ठरविण्यासाठी उपयोगी पडला तो इतिहासाचा तपशील : कोणत्या जातींत, कोणत्या काळी, मालमत्तेच्या आणि प्रतिष्ठेच्या कोणत्या हिशेबाने ही प्रथा उभी राहिली, कोणी तिला विरोध केला, आणि आज तिला 'परंपरा' कोण म्हणत आहे. डॅलींच्या मांडणीत हाच तपशील गळून पडला होता. परंपरा सनातन व एकसंध आहे, हे तिच्या या निषेधकर्तीला आणि पूजकांना सारखेच मान्य असावे, हा या वादातील सर्वांत विचारप्रवर्तक भाग आहे.

४

डॅली-लॉर्ड वादाच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी हा सारा पेच एका मराठी स्त्रीच्या आयुष्यात प्रत्यक्ष उभा राहिला होता. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनीसंघात राहिल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्यांच्याकडे त्यांच्या धार्मिक शिक्षणाचा भार होता त्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पुढे जो पत्रव्यवहार झाला, तो अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. स्त्रियांमधील आंतरराष्ट्रीय सहकार्याचा नैतिक दस्तऐवज म्हणून तो आजही वाचनीय आहे.

जेराल्डिन यांचे रमाबाईंवर प्रेम होते, याविषयी संशय नाही. परंतु ते प्रेम आज्ञाधारकपणाची अपेक्षा करणारे होते. रमाबाईंनी ख्रिस्त स्वीकारला होता; चर्चने त्याविषयी रचलेले प्रत्येक सूत्र स्वीकारले नव्हते. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी त्यांना शंका होत्या आणि सदसद्विवेकाचा निर्णय दुसऱ्यावर सोपविण्यास त्या तयार नव्हत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, या प्रश्नात हिंदुस्थानातील बिशपांनी लक्ष घातले, तेव्हा भारतात पुरुषांच्या सभांपुढे भाषणे केलेल्या या विदुषीला तो निर्बंध अनाकलनीय वाटला. ज्या धर्मात आपल्याला स्त्री म्हणून मोकळीक मिळेल असे वाटले होते, त्याच धर्माच्या अधिकाऱ्यांनी नवी चौकट पुढे करावी, हा अनुभव त्यांना नवा नव्हता. केवळ तिची भाषा नवी होती.

भाषेचा प्रश्न एका लहानशा प्रसंगात विलक्षण स्पष्टपणे पुढे आला. क्रूसावरील शब्द लॅटिनमध्ये असावेत याला रमाबाईंनी हरकत घेतली आणि संस्कृतचा आग्रह धरला. ब्राह्मणांना संस्कृतविषयी जी भावना वाटते तीच तुम्हाला लॅटिनविषयी वाटते काय, असा त्यांच्या विचारण्याचा रोख होता. प्रश्न वरवर खोचक वाटतो. पण त्याने धर्मशिक्षिकेला तिच्याच घराकडे पाहावयास लावले. ज्या पवित्र भाषेच्या मक्तेदारीबद्दल ब्राह्मणांना दोष दिला जात होता, तशीच मक्तेदारी येथेही होती आणि ती असणाऱ्यांना दिसत नव्हती.

या प्रसंगाशेजारी रमाबाईंच्या उत्तरायुष्यातील काम ठेवून पाहिले पाहिजे. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. आयुष्याच्या अखेरीपर्यंत ते काम चालले होते. सामान्य, अल्पशिक्षित स्त्रीला कळेल अशी सोपी मराठी त्यांनी हेतुपुरस्सर निवडली आणि आधीच्या भाषांतरांतील संस्कृतप्रचुरतेपासून त्या दूर गेल्या. म्हणजे इंग्रज धर्मभगिनीसमोर ज्या बाईंनी लॅटिनच्या विरुद्ध संस्कृतची बाजू घेतली, त्यांनीच खेड्यातील मराठी बाईसमोर संस्कृत बाजूला ठेवली. यात विसंगती शोधणे सोपे आहे. परंतु दोन्ही निर्णयांमागचे तत्त्व एकच आहे. संवादात ज्या बाजूला अधिकार कमी आहे, भाषा त्या बाजूकडे झुकली पाहिजे. वाँटेजमध्ये ती बाजू रमाबाईंची होती. केडगावात ती त्यांच्यासमोर बसलेल्या स्त्रीची होती. कोणतीही भाषा स्वभावतः मुक्तिदायी नसते. ती कोणासमोर कोण योजत आहे यावर तिची नैतिकता ठरते.

अमेरिकेतील अनुभव याहून गुंतागुंतीचा होता. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ साली रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. पुढच्या वर्षी 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' प्रसिद्ध झाले आणि डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. या मदतीतूनच मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. मदत मिळविण्यासाठी विधवेचे दुःख परक्यांपुढे मांडणे भाग होते, आणि ते मांडताच परक्यांच्या मनातील 'असंस्कृत हिंदुस्थान'चे चित्र अधिक गडद होणेही अटळ होते. स्वामी विवेकानंद अमेरिकेत असताना ब्रुकलिनच्या रमाबाई मंडळाशी त्यांचा जो खटका उडाला, त्याचे मूळ येथेच आहे. राष्ट्राची अप्रतिष्ठा टाळावयाची तर विधवेने गप्प बसावे लागते. विधवेने बोलावे तर तिचे बोलणे राज्यकर्त्यांच्या हाती शस्त्र म्हणून पडते. रमाबाईंनी बोलणे पत्करले. त्या निवडीची किंमत त्यांनी दोन्हीकडे मोजली. इकडे १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सहानुभूतिदार सल्लागार शारदा सदनापासून दूर झाले. तिकडे पुस्तकाच्या शीर्षकात प्रामाणिकपणे नोंदविलेली 'उच्चवर्णीय' ही मर्यादा वाचकांच्या मनातून सहज पुसली गेली आणि एका थराचे दुःख साऱ्या हिंदू स्त्रीजातीचे ठरले.

५

बायबलमधील ज्या कथेने या प्रश्नाला संहितेचाच आधार दिला ती हागारची कथा होय. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाची पत्नी सारा निपुत्रिक आहे. ती आपली मिसरी दासी हागार हिला नवऱ्याच्या स्वाधीन करते. हागारला दिवस जाताच सारा तिचा छळ करते. हागार रानात पळून जाते. पुढे सारेलाही मुलगा होतो आणि हागारला तिच्या मुलासह घराबाहेर काढले जाते. फिलिस ट्रिबल यांनी 'टेक्स्ट्स ऑफ टेरर' (१९८४) मध्ये या कथेचे सूक्ष्म वाचन करून तिच्यातील भय उघड केले. डेलोरस विल्यम्स यांनी 'सिस्टर्स इन द वाइल्डरनेस' (१९९३) मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रियांच्या इतिहासाच्या प्रकाशात ती पुन्हा वाचली आणि तिचा रोखच बदलून टाकला.

विल्यम्स यांना दिसलेली गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. रानात हागारला देवदूत भेटतो, तो तिला मुक्त करीत नाही. परत जाऊन धनिणीच्या हाताखाली राहावयास सांगतो. दलितांना मुक्त करणारा ईश्वर ही मुक्तिवादी ईश्वरविद्येची आधारशिला. पण हागारच्या वाट्याला मुक्ती येत नाही, जगून राहण्याचे बळ आणि पाण्याची विहीर येते. म्हणून विल्यम्स यांनी 'मुक्ती'च्या बरोबरीने 'तगून राहणे' हे ईश्वरविद्येचे मूल्य म्हणून मांडले. ज्यांच्या पूर्वजांनी गुलामगिरीत पिढ्यान्‌पिढ्या केवळ तग धरला, त्यांच्या अनुभवाला यामुळे प्रथमच सैद्धांतिक प्रतिष्ठा मिळाली. शिवाय रानात सापडलेली ही दासीच ईश्वराला नाव देते. तिला पाहणारा देव, अशा अर्थाचे ते नाव आहे.

भगिनीभावाच्या दृष्टीने या कथेचे मर्म मात्र सारेमध्ये आहे. साराही पीडित आहे. तिचे मोल तिच्या कुशीवर ठरते. नवऱ्याने परक्या देशात स्वतःचा जीव वाचविण्यासाठी तिला बहीण म्हणून पुढे केलेले आहे. तरीही हागारवर सत्ता चालवणारी तीच आहे. एकाच घरात, एकाच पुरुषाच्या सत्तेखाली दोन स्त्रिया आहेत, पण त्यांची दुःखे समान नाहीत. एकीच्या दुःखाचा उपाय दुसरीच्या शरीरातून शोधला जातो. 'आपण दोघी एकाच व्यवस्थेच्या बळी आहोत' हे सारेचे वाक्य खरे असूनही अपुरे असेल, आणि ते हागारने उच्चारण्याआधी सारेने उच्चारले तर ते अन्यायकारकही असेल.

१९९१ साली कॅनबेरा येथे जागतिक चर्च परिषदेच्या महासभेत कोरियाच्या चुंग ह्युन क्युंग यांनी अन्यायाने मेलेल्यांच्या आत्म्यांना आवाहन केले, त्याचा आरंभ हागारपासून केला. कोरियन लोकधर्मातील 'हान' या साचलेल्या दुःखाच्या कल्पनेशी पवित्र आत्म्याची सांगड घातल्याबद्दल त्यांच्यावर धर्मसंकराचा आरोप झाला. इस्लाममध्ये तर हीच स्त्री हाजरा या नावाने यात्रेच्या केंद्रस्थानी आहे. तहानलेल्या बाळासाठी पाणी शोधीत सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये तिने केलेली धावपळ हजला जाणारा प्रत्येक पुरुषही आपल्या पावलांनी पुन्हा करतो. एका दासीची कथा अशा रीतीने अनेक धर्मांच्या आणि वंशांच्या स्त्रियांना भेटण्याची जागा होऊ शकते, ती तिचा अर्थ एकच असल्यामुळे नव्हे. प्रत्येकीचे वाचन दुसरीच्या वाचनातील न दिसलेली जागा दाखवून देते म्हणून.

६

एवढ्या विवेचनानंतर आरंभीच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करता येईल. दुसऱ्या स्त्रीचे दुःख आपल्या युक्तिवादात आणण्याचा अधिकार समान स्त्रीत्वातून मिळत नाही. जिचे दुःख आणले तिला ते कथन दुरुस्त करण्याचा अधिकार असेल तरच तो मिळतो. अधिकार म्हणजे केवळ तक्रार ऐकून घेण्याचे सौजन्य नव्हे. दुरुस्तीने मूळ सिद्धांत बदलला पाहिजे, निदान बदलण्याची शक्यता खुली राहिली पाहिजे. लॉर्ड यांचे पत्र पोहोचले, पण ग्रंथ बदलला नाही. रमाबाईंचा क्रूसावरील प्रश्न जेराल्डिन यांना बंडखोरी वाटला. याउलट विल्यम्स यांच्या वाचनानंतर 'मुक्ती' ही संज्ञा पूर्वीइतक्या निर्धास्तपणे योजता येत नाही. येथे दुरुस्ती घडून आली.

असा अधिकार सद्भावनेवर सोडून चालत नाही. त्याला संस्थात्मक रूप द्यावे लागते. तिसऱ्या जगातील ईश्वरविद्यावंतांची संघटना १९७६ साली दार-एस्-सलाम येथे स्थापन झाली, तेव्हा ती प्रामुख्याने पुरुषांची होती. मुक्तीच्या या उद्रेकात स्त्रियांचा प्रश्न बाजूला पडत आहे, हे घानाच्या मर्सी अम्बा ओडुयोये आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी पुढे आणले. १९८३ साली जिनिव्हा येथे स्त्रियांचा आयोग निर्माण झाला. त्यांनी आखलेला क्रम लक्षणीय होता. आधी आपापल्या देशात, मग आपल्या खंडात, मग तिसऱ्या जगातील खंडांमध्ये परस्परांशी बोलावयाचे, आणि त्यानंतरच पहिल्या जगातील स्त्रियांशी संवाद करावयाचा. आंतरखंडीय बैठक १९८६ च्या अखेरीस मेक्सिकोत झाली. पहिल्या जगातील स्त्रियांबरोबरचा संवाद डिसेंबर १९९४ मध्ये कोस्टा रिकात झाला. हा विलंब दुराव्यापोटी नव्हता. जिची भाषा सिद्ध झालेली नाही ती दुसरीच्या भाषेतच उत्तर देते, आणि मग दुरुस्तीची शक्यता आधीच संपलेली असते.

ओडुयोये यांच्याच पुढाकाराने १९८९ साली अक्राजवळील लेगॉन येथे आफ्रिकी स्त्री-विचारवंतांचे मंडळ स्थापन झाले. आफ्रिकी स्त्रियांनी स्वतः संशोधन करावे, लिहावे, प्रसिद्ध करावे, हा त्याचा कार्यक्रम होता. एचआयव्हीची साथ पसरली, तेव्हा रोग हा पापाचा दंड आहे ही शिकवण, पत्नीने आज्ञेत राहावे हा उपदेश आणि स्त्रियांचे मृत्यू यांमधील संबंध या मंडळाच्या अभ्यासकांनी दाखवून दिला. ईश्वराविषयीचे एखादे विधान माणसांच्या जिवावर उठू शकते, हे तेथे केवळ सैद्धांतिक विधान राहिले नव्हते.

सहकार्य म्हणजे उपकार नसून ऋणाची फेड असते, याचे एक उदाहरण ख्रिस्ती जगाबाहेरचे आहे. पाचव्या शतकात सिंहलद्वीपातील भिक्षुणींनी चीनमध्ये जाऊन तेथील स्त्रियांना विधिवत उपसंपदा मिळवून दिली. पुढे श्रीलंकेतील भिक्षुणीसंघ लोप पावला. पूर्व आशियातील परंपरा टिकून राहिली. १९८७ साली बोधगया येथे 'शाक्यधिता' ही बौद्ध स्त्रियांची आंतरराष्ट्रीय संघटना निर्माण झाली आणि १९९८ साली बोधगयेतच पूर्व आशियाई भिक्षुणींच्या साहाय्याने श्रीलंकेच्या व इतर देशांच्या स्त्रियांना उपसंपदा मिळाली. थेरवादी संघातील अनेकांना ती मान्य नाही, हा भाग वेगळा. पंधराशे वर्षांनी परत आलेल्या या देण्यात दाता आणि याचक कोण, हे ठरविणे अवघड आहे. आणि तीच त्याची नैतिक प्रतिष्ठा आहे.

७

या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप येतो. प्रत्येक कथन दुरुस्तीस पात्र मानले आणि कोणीही दुसऱ्याच्या वतीने सहज बोलू नये असे ठरविले, तर शेवटी कोणीच बोलणार नाही. आणि मौनाचा लाभ नेहमी जुलूम करणाऱ्याला होतो. जी बोलूच शकत नाही तिच्याविषयी कोणी बोलावयाचे? आक्षेप खरा आहे. रमाबाई बोलल्या नसत्या तर कित्येक विधवांना निवारा मिळाला नसता. म्हणून दुरुस्तीचा अधिकार ही बोलण्याची पूर्वअट मानता येणार नाही. ते बोलण्यामागोमाग येणारे दायित्व आहे. जी बोलली तिने पुढे ऐकण्याची व्यवस्था केली काय, हे विचारावयाचे.

हा प्रश्न रमाबाईंनाही चुकत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली मृत्यूच्या दाढेतून काढून केडगावला आणल्या. त्या जगल्या, शिकल्या, बायबलच्या छपाईचे कामही करू लागल्या. परंतु भुकेने आणलेल्या या मुलींना, ज्या श्रद्धेच्या छायेत त्या वाढल्या तिला 'नाही' म्हणण्याची मोकळीक कितपत होती? जेराल्डिन यांच्याकडे रमाबाईंनी जी मागितली होती, ती हीच मोकळीक. या मुलींचे पत्रव्यवहाराचे खंड निघाले नाहीत. त्यांचे उत्तर इतिहासात जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि म्हणून रमाबाईंच्या बाजूचा निकाल देणेही शक्य होत नाही.

मराठी स्त्रीवादालाही हा प्रश्न चुकलेला नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथाने आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना त्यांच्या स्वतःच्या शब्दांत उभे केले. शर्मिला रेगे यांनी १९९८ साली दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याचा सैद्धांतिक अर्थ विशद केला. परदेशी धर्मभगिनीला लॅटिनविषयी प्रश्न विचारणाऱ्या परंपरेला तिच्या स्वतःच्या संस्कृतविषयी विचारला गेलेला हा प्रश्न होता. बाहेरच्यांची दुरुस्ती करण्यात धिटाई लागते. घरातून आलेली दुरुस्ती स्वीकारण्यात त्याहून अधिक काही लागते.

साहित्यसमीक्षेला या विचाराशी देणेघेणे आहे, कारण संहिता वाचणे हेही एका परीने दुसऱ्याच्या वतीने बोलणेच असते. हागारने रानात ईश्वराला दिलेले नाव कथेत राहिले; सारेच्या घरात परत गेल्यावर तिने ते कोणाला सांगितले की नाही, याविषयी संहिता काही बोलत नाही. तेथे आपल्या पदरचे शब्द घालण्यापूर्वी, त्या घरात तिला विचारणारे कोणी होते काय, हे वाचणाऱ्याने शोधले पाहिजे.